मौखिक इतिहासाचे वाङ्मयीन स्वरूप : चॅपेल हिल येथील कृष्णवर्णीयांची निवेदने

इतिहास लिखित साधनांवरूनच सिद्ध व्हावा, असा दंडक एकोणिसाव्या शतकातील इतिहासशास्त्राने घालून दिला आणि तो दीर्घकाळ निर्विवाद मानला गेला. ज्या समाजाच्या हाती लेखणी होती त्याला या दंडकाची अडचण भासण्याचे कारण नव्हते. परंतु जेथे एका समाजाला लेखणी हाती धरण्याचीच कायद्याने मनाई होती, तेथे हा दंडक त्या समाजाला इतिहासातून वगळणारा ठरतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या बाबतीत हेच घडले. गेल्या अर्धशतकात त्यांच्या तोंडून ऐकून व ध्वनिमुद्रित करून जो मौखिक इतिहास संगृहीत झाला, त्याकडे ही उणीव भरून काढणारे साधन म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी चुकीची नसली तरी अपुरी आहे. या निवेदनांना माहितीची खाण समजून त्यांतून तेवढे तपशील उपसून काढले, तर त्यांतील सर्वांत मोलाचा अंश हातून निसटतो. तो अंश कोणता, याचा विचार एका लहानशा विद्यापीठनगरीच्या उदाहरणावरून करता येण्यासारखा आहे.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल हे गाव विद्यापीठासाठीच वसले. विद्यापीठाची सनद १७८९ ची. पहिल्या इमारतीची कोनशिला १७९३ मध्ये बसली आणि १७९५ मध्ये अध्यापनास आरंभ झाला. राज्याने स्थापन केलेल्या विद्यापीठांपैकी विद्यार्थ्यांना द्वारे उघडी करून देणारे हे अमेरिकेतील पहिले विद्यापीठ होय. त्याच्या आरंभीच्या इमारती उभारण्यात गुलामांचे श्रम होते. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत पाणी भरणे, लाकूडफाटा आणणे, झाडलोट करणे ही कामेही गुलामच करीत. १८६५ मध्ये दास्य संपले. या लोकांचे वंशज गावाच्या कडेला, आज नॉर्थसाइड आणि पाइन नोल्स या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत राहू लागले आणि विद्यापीठातच आचारी, धोबिणी, गवंडी, झाडूवाले म्हणून राबू लागले. गावाची शोभा म्हणून ज्या बुटक्या दगडी भिंतींचे कौतुक होते, त्यांच्या बांधणीत कृष्णवर्णीय गवंड्यांचा हात आहे. विद्यापीठ त्यांच्यावाचून चालत नव्हते आणि विद्यापीठाच्या वर्गांत मात्र त्यांना प्रवेश नव्हता. ही स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. पदवीपूर्व वर्गांत पहिले तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाले ते १९५५ मध्ये, आणि तेही न्यायालयाच्या आदेशाने.

या गावाच्या वाङ्मयीन इतिहासातील एक प्रारंभीचा टप्पा बोललेल्या शब्दाचाच आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. जॉर्ज मोझेस हॉर्टन हा शेजारच्या चॅथम परगण्यातील एका मळ्यावरचा गुलाम. सुटीच्या दिवशी फळे विकण्यासाठी तो पायी चॅपेल हिलला येई. आपापल्या प्रेयसींना पाठविण्यासाठी विद्यार्थी त्याच्याकडून कविता करवून घेत. तो त्या मनात रचून तोंडाने सांगे, विद्यार्थी उतरवून घेत आणि एकेका कवितेचे पंचवीस सेंटपासून पाऊण डॉलरपर्यंत मोल देत. १८२९ मध्ये ‘द होप ऑफ लिबर्टी’ हा त्याचा संग्रह रॅली येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला स्वतःला लिहिता येत नव्हते. दक्षिणेत प्रसिद्ध झालेले कृष्णवर्णीय लेखकाचे हे पहिले पुस्तक मानले जाते. त्याच्या विक्रीतून आपले स्वातंत्र्य विकत घ्यावे हा त्याचा हेतू होता. तो सफल झाला नाही. युद्धाच्या अखेरीस, १८६५ मध्येच तो मुक्त झाला. पुस्तकानंतरच्याच वर्षी, १८३० मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने गुलामांना लिहावाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. अंक शिकविण्याची तेवढी सवलत राहिली.

हॉर्टनला साहाय्य करणाऱ्यांत कॅरोलाइन ली हेंट्झ ही एका प्राध्यापकाची पत्नी होती. तिने त्याच्या कविता टिपून घेतल्या आणि उत्तरेकडील वृत्तपत्रात छापवून आणल्या. याच हेंट्झबाईंनी पुढे १८५४ मध्ये ‘अंकल टॉम्स केबिन’ला उत्तर म्हणून गुलामगिरीचे समर्थन करणारी कादंबरी लिहिली. बोलणारा एक, लिहून घेणारा दुसरा आणि दोघांच्या स्थितीत जमीनअस्मानाचे अंतर, ही मौखिक इतिहासाची मूळ अडचण हॉर्टनच्या चरित्रात अशी बीजरूपाने आढळते. ऐकणाऱ्याच्या ठायी सहानुभूती असणे ही पुरेशी हमी नव्हे, हेही त्यावरून दिसते.

या अडचणीचे पुढील रूप एका ग्रंथालयात पाहावयास मिळते. १९३० मध्ये या विद्यापीठाने दक्षिणेच्या इतिहासाच्या हस्तलिखितांचा संग्रह स्थापन केला. मळेवाल्यांची पत्रे, रोजनिशा आणि जमाखर्चाच्या वह्या त्यात मोठ्या प्रमाणावर जमा झाल्या. त्या वह्यांत कृष्णवर्णीय माणसे आढळतात. पण बहुधा नाव, वय आणि किंमत एवढ्याच रूपात. १९७३ मध्ये इतिहासकार जॅकलिन डाउड हॉल यांच्या नेतृत्वाखाली याच विद्यापीठात दक्षिणेच्या मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेत मौखिक इतिहासाचे पहिले विद्यापीठीय कार्यालय ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात उघडले होते. तेथे आरंभी राजकारणी, न्यायाधीश, उद्योगपती अशा कर्त्या पुरुषांच्या मुलाखती घेतल्या जात. चॅपेल हिलच्या उपक्रमाने गिरणीकामगार, शेतकरी, स्वयंपाकिणी, शिक्षक यांच्याकडे लक्ष वळविले. त्याच्या मुलाखतींची संख्या आज सहा हजारांहून अधिक आहे. मळेवाल्यांच्या वह्या आणि त्यांच्या गुलामांच्या वंशजांचे आवाज अशा रीतीने एकाच विद्यापीठाच्या ताब्यात आले. आवाज जपणारी संस्था आणि त्या आवाजांनी जिच्याविषयी तक्रार करावी ती संस्था एकच आहे, हे या निवेदनांचे परीक्षण करताना विसरून चालत नाही.

निवेदकाच्या बोलण्यावर ऐकणाऱ्याचा किती परिणाम होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण या उपक्रमाच्या पूर्वीचे आहे. मंदीच्या काळात, १९३६ ते १९३८ या वर्षांत, केंद्र शासनाच्या लेखक-योजनेने पूर्वाश्रमीच्या गुलामांची दोन हजार तीनशेंहून अधिक निवेदने जमविली. त्यांत दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील सुझन हॅम्लिन या वृद्धेचे निवेदन दोनदा घेतलेले आहे. गोऱ्या बाईने विचारले तेव्हा तिने आपला मालक दयाळू असल्याचे सांगितले. कृष्णवर्णीय पुरुषाने विचारले तेव्हा चाबकाचे फटके, आईपासून तोडून विकलेली मुले आणि सबंध वस्तीचा आक्रोश तिच्या तोंडून बाहेर पडला. यांतले एक खरे आणि दुसरे खोटे, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. पहिल्या निवेदनातही एक सत्य आहे : दास्य संपून सत्तर वर्षे झाल्यावरही त्या वृद्धेला गोऱ्या माणसासमोर काय बोलणे सुरक्षित वाटत होते, याचा तो पुरावा आहे. मात्र तो वाचता येण्यासाठी प्रश्न कोणी विचारला, कोठे विचारला, बोलणारीला आपले हित कशात दिसत होते, हे सर्व वाचकापुढे असावे लागते.

बोलीच्या लेखनाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. कृष्णवर्णीयांचे बोलणे कागदावर आणताना अनेक लेखनिक शब्द मोडूनतोडून लिहीत, त्यामुळे निवेदक वाचकाला हास्यास्पद वाटे. तेच लेखनिक गोऱ्या माणसाचे दाक्षिणात्य उच्चार मात्र शुद्ध वर्तनीत घालीत. कवी व समीक्षक स्टर्लिंग ब्राउन हे या लेखक-योजनेत कृष्णवर्णीयविषयक लेखनाचे संपादक होते. उच्चारांची हुबेहूब नक्कल गौण मानावी आणि बोलण्यातील वाक्प्रचार, वळणे व लय यांच्याशी प्रामाणिक राहावे, असा त्यांचा सल्ला होता. ग्रामीण बोलीच्या लेखनावरील मराठीतील चर्चा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सल्ल्याचे मर्म सहज कळेल. ध्वनिमुद्रणाने ही अडचण कमी केली, पण नाहीशी केली नाही. लिखित प्रत तयार होते तेव्हा विराम, हुंकार, हसू आणि आवाज खाली येणे हे सारे गळते. मौखिक इतिहासाची लिखित प्रत ही मूळ संहिता नसून तिचा एक अनुवाद आहे, असे मानूनच ती वाचली पाहिजे.

आता प्रत्यक्ष निवेदनांकडे वळू. चॅपेल हिलच्या कृष्णवर्णीयांच्या आठवणींत वारंवार येणारा विषय म्हणजे लिंकन हायस्कूल. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेली ही शाळा. गोऱ्यांच्या शाळेत वापरून झालेली पुस्तके तेथे येत. याच शाळेच्या नऊ विद्यार्थ्यांनी २८ फेब्रुवारी १९६० रोजी फ्रँकलिन स्ट्रीटवरील एका औषधविक्रीच्या दुकानातील उपाहारगृहात, गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी, बसून सत्याग्रह केला. त्यांना अटक झाली आणि गावातील लढ्याला तेथून तोंड फुटले. १९६३ आणि १९६४ मध्ये निदर्शने तीव्र झाली. तरीही उपाहारगृहे सर्वांना खुली करणारा नियम गावाने स्वतः केला नाही. जुलै १९६४ मधील केंद्रीय कायद्यानेच ते घडले. १९६६ मध्ये शाळांचे एकत्रीकरण पूर्ण झाले, गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांसाठी एक नवे हायस्कूल उघडले आणि लिंकन बंद झाले. लिंकनचे मुख्याध्यापक नव्या शाळेत दुय्यम पदावर गेले.

लिखित इतिहासात १९६६ हे विजयाचे वर्ष आहे. निवेदनांत ते विजयाचे आहे आणि सुतकाचेही. ज्या पिढीने एकत्रीकरणासाठी तुरुंग पत्करला, तीच पिढी आपल्या शाळेचे वाद्यवृंद, खेळाडूंचे संघ, घरी येऊन आईवडिलांना मुलाची प्रगती सांगणारे कडक शिस्तीचे शिक्षक यांच्याविषयी हळव्या स्वरात बोलते. शाळेचे चषक आणि मानचिन्हे नव्या इमारतीत मानाने मांडली गेली नाहीत, याचा सल अनेकांच्या बोलण्यात आहे. वरवर पाहणाऱ्याला हा गतकाळाचा मोह वाटेल. वर्णभेदाच्या समर्थनार्थ तो वापरण्याचा प्रयत्नही होऊ शकेल. पण निवेदने सबंध ऐकली म्हणजे त्यांतील विचार स्पष्ट होतो. बोलणाऱ्यांना जुन्या व्यवस्थेचे पुनरागमन नको आहे. दोन शाळा एक करताना एकीचे सर्वस्व टिकले आणि दुसरीचे पुसले गेले, हा त्यांचा आक्षेप आहे. समतेची किंमत दोन्ही पक्षांनी सारखी दिली नाही, हा निर्णय कोणत्याही सरकारी कागदात नाही. तो या आठवणींत आहे, आणि तो एकाच निवेदनात कृतज्ञता व तक्रार शेजारी शेजारी ठेवून दिलेला आहे.

हे दुहेरी मूल्यमापन या वाङ्मयाचे प्रमुख लक्षण म्हणावे लागेल. विद्यापीठातील कामगारांच्या निवेदनांतही ते दिसते. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी लेनॉयर हॉल या भोजनगृहातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी काम थांबविले. जादा कामाचे थकलेले पैसे, अपुरे वेतन आणि वरिष्ठांची अपमानास्पद वागणूक या त्यांच्या तक्रारी होत्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने त्यांना साथ दिली आणि पर्यायी भोजनाची व्यवस्थाही चालविली. राज्यपालांनी सशस्त्र पोलीस पाठविले. अखेरीस किमान वेतन ताशी १.८० डॉलर करण्याचे मान्य होऊन संप मिटला. त्यानंतर भोजनगृहे एका खाजगी कंपनीकडे देण्यात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्रियांना पुन्हा संप करावा लागला. संपाच्या नेत्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींत विद्यापीठ हे स्वयंपाकघराच्या बाजूने दिसते. ज्या संस्थेच्या इतिहासात कुलगुरू, इमारती आणि ग्रंथ यांची गणना होते, तीच येथे पहाटेच्या पाळीच्या, भांड्यांच्या आणि कापलेल्या वेतनाच्या संदर्भात उभी राहते. विशेष हे की, त्या विद्यार्थ्यांना वाढीत होत्या आणि त्याच विद्यार्थ्यांपैकी काहींच्या पाठिंब्याने लढल्या. आपलेपणा आणि अन्याय यांचा हिशेब त्या वेगवेगळ्या वह्यांत मांडीत नाहीत.

मौखिक निवेदनातील हे वैशिष्ट्य ललित वाङ्मयात कसे उतरते, याचे उत्तम उदाहरण म्हणून पॉली मरी यांचे ‘प्राउड शूज’ हे १९५६ चे पुस्तक सांगता येईल. मरी शेजारच्या डरॅम गावात वाढल्या. १९३८ मध्ये वर्णाच्या कारणावरून चॅपेल हिलच्या विद्यापीठाने त्यांना प्रवेश नाकारला. पुढे त्या विधिज्ञ म्हणून ख्याती पावल्या. त्यांची आजी कॉर्नेलिया ही चॅपेल हिल परिसरातील स्मिथ या मळेवाल्या घराण्यातील एका गुलाम स्त्रीची मुलगी. त्या घराण्यातील पुत्राने त्या स्त्रीवर केलेल्या बलात्कारातून ती जन्मली होती. स्मिथ घराण्याच्या जमिनीचा एक भाग पुढे मृत्युपत्राने विद्यापीठास मिळाला. ज्या कुळाच्या संपत्तीतून विद्यापीठाला दान मिळाले, त्याच कुळाच्या नातीच्या मुलीला त्या विद्यापीठाने दारातून परत पाठविले, असा हा विलक्षण योग आहे. आजी आपल्या आईवरील अत्याचार सांगे आणि आपण स्मिथांच्या रक्ताच्या आहोत याचा अभिमानही सांगे. मरी यांनी हा विरोध सोयीस्करपणे सोडविला नाही. कागदपत्रांचा शोध घेऊन त्यांनी आजीच्या कथनाची पारख केली, पण तिच्या स्वरातील अभिमान आणि जखम ही दोन्ही पुस्तकात तशीच राहू दिली. १८५४ मध्ये चॅपेल हिलमधील ज्या चर्चमध्ये कॉर्नेलियाचा बाप्तिस्मा गुलाम म्हणून झाला होता, तेथेच १९७७ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा घेतलेल्या मरी यांनी आपली पहिली प्रभुभोजनाची उपासना केली.

येथे स्मृतीच्या विश्वसनीयतेविषयीचा नेहमीचा आक्षेप उपस्थित होतो. म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत तारखा चुकतात, व्यक्ती बदलतात, घटना एकमेकींत मिसळतात. हे खरेच आहे, आणि म्हणूनच कागदपत्रांशी ताडून पाहण्याचे काम टळत नाही. परंतु इटलीतील अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखविल्याप्रमाणे चुकीलाही अर्थ असतो. तेर्नी या पोलादनगरीत एक कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या हातून मारला गेला. अनेक कामगारांनी हा मृत्यू १९५३ मधील मोठ्या कामगारकपातीच्या वेळी घडल्याचे सांगितले. एवढा मोठा बळी एवढ्या मोठ्या लढ्यातच पडला असला पाहिजे, अशी त्यांच्या स्मृतीची मागणी होती. अशा ठिकाणी घटनेची तारीख कागदावरून घ्यावी आणि घटनेचा अर्थ निवेदनावरून घ्यावा, हे न्याय्य होय. काव्यातील असत्याला जी समीक्षा मान देऊ शकते, तिला स्मृतीच्या या रचनेचे वावडे असण्याचे कारण नाही.

मात्र या साहित्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जे गाव सोडून गेले त्यांचा आवाज संग्रहात कमी येतो. वस्तीची एकजूट सांगण्याच्या भरात वस्तीअंतर्गतचे तंटे, स्त्रियांवरील ओझे, गरीब व त्याहून गरीब यांतील अंतर यांवर पांघरूण पडण्याचा संभव असतो. अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे. नॉर्थसाइडमधील घरे विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यासाठी गुंतवणूकदार विकत घेऊ लागले, कर वाढले आणि जुनी कुटुंबे पांगू लागली. वस्ती नाहीशी होत असता तिच्या आठवणी मात्र ग्रंथालयात सुरक्षित राहाव्यात, हा विचित्र न्याय झाला असता. वस्तीतच उभ्या राहिलेल्या मॅरियन चीक जॅक्सन केंद्राने म्हणून वेगळी रीत पत्करली. तेथे निवेदने संगृहीत होतात ती वस्तीच्या उपयोगासाठी : शाळेतील मुलांना शिकविण्यासाठी, घरे राखण्याच्या चळवळीत पुरावा म्हणून. २०१५ मध्ये नॉर्थसाइडमधील घरे व जागा राखण्याच्या योजनेस विद्यापीठाने तीस लक्ष डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले, त्यामागे अशा प्रयत्नांचे बळ होते. विद्यापीठाच्या आवारात २००५ मध्ये उभारलेल्या स्मारकात ब्राँझच्या तीनशे लहान आकृत्या दगडी मेजाचा गोल माथा हातांवर तोलून धरतात. बांधणाऱ्यांच्या श्रमांचे हे स्मरण यथोचित आहे. पण त्या आकृत्यांना नावे नाहीत आणि त्या बोलत नाहीत. निवेदनांचे स्थान नेमके तेथे आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. तो ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेला आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो आणि ज्याची नोंद पोथीत नाही तो इतिहास बोलण्यातून उभा राहतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील कृष्णवर्णीय चळवळीवरून घेतले. पुढे आलेल्या दलित आत्मकथनांविषयीही मराठीत हाच वाद झाला की, हे वाङ्मय म्हणावे की सामाजिक दस्तऐवज. चॅपेल हिलच्या निवेदनांवरून असे दिसते की, हा पर्यायच मुळात चुकीचा मांडला गेला आहे. ज्या कथनात एकाच वेळी आपलेपणा आणि आरोप, विजय आणि हानी यांचा निवाडा झालेला असतो, त्याचा दस्तऐवज म्हणून अर्थ लावण्यासाठीही स्वर, रचना आणि मौन ओळखणारी वाङ्मयीन दृष्टीच लागते. ही दृष्टी समीक्षकांपाशी आहे. तिचा उपयोग या निवेदनांसाठी करणे हे त्यांचे काम आहे, आणि निवेदक वृद्ध होत असल्याने ते लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.